गेटिसबर्ग पुष्कळ झाले, आता पीटर्सबर्गला चला : अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुले पत्र

प्रति,
सहल समित्यांचे सर्व पदाधिकारी आणि उत्साही कार्यकर्ते,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, यंदाच्या सहलींची पत्रके व्हॉट्सॲपवर फिरू लागली आहेत आणि ‘ऐतिहासिक सहल’ या सदरात पुन्हा एकदा गेटिसबर्गच आहे. गेटिसबर्गशी माझे वैर नाही. जागा सुंदर आहे, तोफा ओळीने मांडलेल्या आहेत, लिंकनचे भाषण तिथलेच आणि बस उभी करायला ऐसपैस जागाही आहे. पण तीन दिवसांची ती लढाई पाहून आपली मंडळी परततात ती अमेरिकेचे यादवी युद्ध म्हणजे मोकळ्या शेतात समोरासमोर उभे राहून केलेली मारामारी, असे समजून. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत तसल्या लढाया झाल्या खऱ्या, पण निकाल लावला तो वेढ्यांनी. दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली, त्याची फौज ३ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गला हरली आणि आणखी पावणेदोन वर्षे लढत राहिली. दुसऱ्याच दिवशी मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्गला दक्षिणेची जी फौज शरण आली, ती मात्र सबंधच्या सबंध हातातून गेली.

आणि वेढा हा तर आपला घरचा विषय. पन्हाळा, रामशेज, जिंजी यांच्या गोष्टींवर आपण वाढलो. मोर्चे बांधणे, सुरुंग लावणे, रसद तोडणे हे शब्द आपल्या पोरांना मराठी शाळेच्या पुस्तकातून अजूनही माहीत होतात. अशा माणसांनी व्हर्जिनियात राहून पीटर्सबर्ग पाहू नये, याचे मला राहून राहून नवल वाटते. म्हणून हा पत्रप्रपंच.

अटलांटाच्या मंडळींना आधी सांगतो, कारण त्यांचे काम सोपे आहे. तुम्ही टायबीच्या किनाऱ्यावर जाताच, वाटेतच फोर्ट पुलास्की लागतो. अडीच कोटी विटांचा, साडेसात फूट जाडीच्या भिंतींचा हा किल्ला. त्याला नुसते बाहेरून न्याहाळून पुढे जाऊ नका, आत शिरा. रॉबर्ट ली तरुणपणी इथेच अभियंता म्हणून राबला होता आणि पुढे दक्षिणेचा सेनापती झाल्यावर त्याने किल्लेदाराला दिलासा दिला होता की टायबी बेटावरून या भिंतीला खिंडार पडणे शक्य नाही. जुन्या हिशेबाने ते बरोबरच होते. गुळगुळीत नळीच्या तोफेचा गोळा एवढ्या लांबून आला तर भिंतीला ओरखडा काढी. पण उत्तरेच्या क्विन्सी गिलमोरने मैलभर अंतरावर ज्या तोफा मांडल्या, त्यांतल्या काहींच्या नळीत आतून पिळदार खाचा होत्या. गोळा फिरत जाई, नेमका लागे आणि विटांत खोल शिरे. १० एप्रिल १८६२ला सकाळी मारा सुरू झाला आणि तीस तासांत कोपऱ्याची भिंत ढासळली. गोळे थेट दारूकोठाराच्या रोखाने येऊ लागले, तेव्हा किल्लेदाराने निशाण उतरवले. शतकानुशतके चाललेले विटा-दगडांच्या तटांचे राज्य दीड दिवसात संपले. खिंडार नंतर बुजवले, नव्या विटांचा लाल रंग वेगळा ओळखू येतो, आणि बाजूच्या भिंतीत रुतलेल्या गोळ्यांच्या खळग्या तशाच आहेत. सिंहगडाचा बुरूज हाताने चाचपणाऱ्या माणसाला तिथे तासभर सहज लागेल.

त्यानंतर शहाण्या सेनापतींनी तटाचा नाद सोडला आणि माती धरली. मातीचा ढीग तोफेचा गोळा गिळून टाकतो, आणि रात्रीतून पाटीभर माती टाकली की सकाळी तो पुन्हा जसाच्या तसा.

व्हिक्सबर्गला तर मातीच अशी की तिथे वेढा पडावा म्हणूनच ती निर्माण झाली असे वाटावे. वाऱ्याने वाहून आणलेली पिवळी, बारीक माती. उभी कापली तरी ढासळत नाही, लाकडाचा टेकू लागत नाही. उत्तरेचा सेनापती ग्रांट, त्याने १९ आणि २२ मे १८६३ला दोनदा थेट चढाई करून पाहिली. दुसऱ्या दिवशी तीन हजारांहून अधिक माणसे पडली किंवा जायबंदी झाली. मग त्याने फावडी मागवली. आता आली पंचाईत, वेढ्याचे शास्त्र जाणणारे अभियंते फौजेत मोजकेच. तेव्हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिकलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने खोदकामावर देखरेख करायची, असा हुकूम सुटला. रसद खात्याचा मुख्य अधिकारी गयावया करत आला, की मला यातले काही येत नाही, फार तर मला सॅप रोलर म्हणून वापरा! गृहस्थ बुटके आणि वजन दोनशेवीस पौंड. ग्रांटने आपल्या आठवणींत हे मजेत लिहिले आहे. जेवणाची सोय बघणारा माणूस गोळ्या झेलण्यात गमावणे परवडणार नाही म्हणून त्याने त्याला सोडून दिले.

सॅप रोलर म्हणजे वेताचे विणलेले भलेमोठे नळकांडे, आत कापूस किंवा बांबू ठासलेला. नागमोडी चर खणत शत्रूच्या बुरुजाकडे सरकताना चराच्या तोंडाशी हे नळकांडे आडवे ठेवायचे आणि त्याच्या आडोशाने खणत ते पुढे ढकलत जायचे. दक्षिणेच्या लोकांनी त्यावर तोड काढली. बंदुकीच्या गोळीच्या पोकळ बुडात टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा कोंबून ती झाडली आणि नळकांडे पेटवून दिले. मग उत्तरेवाल्यांनी दुसरे केले आणि त्याला पाण्याने भिजवत राहिले. छोट्या उखळी तोफा मिळेनात, तर झाडाचे ओंडके कोरून, त्यांना लोखंडी कडी ठोकून लाकडी उखळ्या केल्या. इंडियानाचा एक लेफ्टनंट, हेन्री फॉस्टर, रॅकूनच्या कातडीची टोपी घालून हिंडे. या पठ्ठ्याने काही रात्री खपून, रेल्वेचे स्लीपर एकावर एक रचून मनोरा उभा केला आणि त्यावर चढून तटाच्या आतली माणसे टिपू लागला. रामशेजच्या वेढ्यातला मोगलांचा लाकडी दमदमा ज्यांनी वाचला आहे, त्यांना मनोऱ्याचे चित्र वेगळे काढून दाखवायला नको.

२५ जूनला तिथल्या बुरुजाखाली २,२०० पौंड दारू उडवली. खड्डा पडला, पण दक्षिणेवाल्यांनी मागे दुसरी फळी आधीच बांधून ठेवली होती, त्यामुळे आत शिरलेल्यांवर वरून पेटत्या वातीचे गोळे गडगडत आले. सुरुंगाने गड पडला नाही. पडला तो पोटामुळे. गावातली कुटुंबे टेकड्यांत गुहा करून राहत होती (गुहा खणल्या गुलामांनी, हे पाट्यांवर कधी ठळक असते, कधी नसते), शिबंदीला वाटाण्याच्या पिठाची न शिजणारी भाकरी मिळत होती, शेवटी खेचराच्या मांसावर पाळी आली. ‘डेली सिटिझन’ हे तिथले वर्तमानपत्र कागद संपल्याने भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर छापले जाई. २ जुलैच्या अंकात त्याने टोमणा मारला की ग्रांटला म्हणे चौथ्या जुलैला आमच्या गावात जेवायचे आहे; पण ससा शिजवायचा तर आधी पकडावा लागतो. ४ जुलैला उत्तरेचे शिपाई आत आले, छापखान्यात खिळे जुळवलेलेच होते. त्यांनी खाली चार ओळींची भर घातली, की ससा पकडला आहे, आणि अंक छापून काढला! ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ हजारांवर माणसांनी शस्त्रे ठेवली.

व्हिक्सबर्ग लांब पडते हे मान्य. पण न्यू जर्सी, मेरिलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना इथल्या मंडळांना पीटर्सबर्गची सबब सांगता येणार नाही.

काटेकोर बोलायचे तर पीटर्सबर्गचा वेढा हा वेढाच नव्हता, कारण गाव चारी बाजूंनी कधीच कोंडले गेले नाही. कोंडले ते रेल्वेमार्ग. दक्षिणेची राजधानी रिचमंड इथून पंचवीस मैलांच्या आत, आणि तिला लागणारे धान्य, दारूगोळा, सगळे पीटर्सबर्गला मिळणाऱ्या पाच रेल्वेमार्गांवरून जाई. जून १८६४मध्ये ग्रांट इथे आला तेव्हा गावाभोवती दहा मैलांचे मातीचे मोर्चे तयार होते, तेही बहुतांशी गुलामांच्या आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या हातचे. पहिले चार दिवस त्याने हल्ले केले. १८ जूनला मेन राज्याची एक पलटण उघड्या शेतातून धावली आणि दहा-एक मिनिटांत सहाशेहून अधिक माणसे गमावून बसली. मग पुन्हा फावडी. साडेनऊ महिने ग्रांट डावीकडे सरकत एकेक रेल्वेमार्ग तोडत गेला, आणि लीला प्रत्येक वेळी आपली पातळ फळी आणखी ताणावी लागली. चर तीस मैलांच्या पुढे गेले.

आता माझे लाडके ठिकाण. ते रणांगणाच्या मुख्य पाट्यांवर नाही, नदीच्या तोंडाशी आहे. सिटी पॉइंट, म्हणजे आजचे होपवेल. जेम्स आणि ॲपोमॅटॉक्स नद्यांच्या संगमावरचे हे चिमुकले खेडे काही आठवड्यांत जगातल्या गजबजलेल्या बंदरांपैकी एक झाले. धक्के बांधले, तिथून फौजेच्या पाठीमागून आगगाडीचा रस्ता टाकला आणि मोर्चा जसा पुढे सरकेल तसे रूळ पुढे सरकत गेले. चढउतार सपाट करत बसायला वेळ नव्हता, त्यामुळे ती गाडी टेकडीवर चढे नि उतरे. आणि भटारखाना! दिवसाला एक लाख पाव. भट्टीतला पाव गरम असतानाच खंदकातल्या शिपायाच्या हाती पडे, असे तेव्हाचे लोक सांगत. समोरच्या चरांत लीची माणसे मूठभर मक्याचे पीठ आणि खवट डुकराच्या मांसाच्या तुकड्यावर दिवस काढत होती. सप्टेंबरमध्ये दक्षिणेच्या घोडदळाने धाड घालून उत्तरेची अडीच हजारांच्या आसपास गुरे हाकून नेली, तेवढेच काय ते चार घास. हिवाळ्यात लीचे शिपाई रात्रीचे चर ओलांडून पलीकडे जाऊ लागले. माझ्या मते पीटर्सबर्ग घेणारे सर्वांत मोठे हत्यार ही भट्टी होती. ‘डिक्टेटर’ नावाची सतरा हजार पौंड वजनाची, रेल्वेच्या सपाट डब्यावर बसवलेली उखळी तोफ फोटोत फार रुबाबदार दिसते, दोन मैलांवर सव्वादोनशे पौंडांच्या आसपासचा गोळा टाकी, पण तिने लढाईचा तोल फारसा हलवला नाही.

आणि मग तो खड्डा, ज्याला तिथे ‘क्रेटर’ म्हणतात. इथे मात्र घाई करू नका.

पेनसिल्वेनियाच्या ४८व्या पलटणीत कोळशाच्या खाणीतले मजूर भरलेले. त्यांचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल हेन्री प्लेझंट्स स्वतः अभियंता. समोरचा बुरूज जेमतेम चारशे फुटांवर. याने आपला वरिष्ठ सेनापती बर्नसाइड याला सांगितले, भुयार खणतो आणि उडवतो. फौजेचे अधिकृत अभियंते हसले. इतक्या लांब भुयारात हवा कशी पुरवणार? त्यांनी ना लाकूड दिले, ना चाकगाड्या, ना मोजणीचे यंत्र. कुठल्याही सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला यात काही नवीन वाटणार नाही. खाणवाल्यांनी बिस्किटांच्या खोक्यांना दांडे ठोकून माती वाहिली, मोडक्या पुलाचे लाकूड काढून टेकू दिले आणि मोजणीसाठी बर्नसाइडने वॉशिंग्टनहून एक जुने थिओडोलाइट मागवून दिले.

हवेची युक्ती त्या मंडळींच्या खाणीतल्या अनुभवाची. भुयाराच्या तोंडापासून आत, पण आपल्याच हद्दीत, वर जाणारे एक धुराडे खणले आणि त्याच्या बुडाशी विस्तव पेटता ठेवला. भुयाराच्या तोंडाला किंतानाचा घट्ट पडदा. पडद्याखालून लाकडी फळ्यांची चौकोनी नळी जमिनीलगत थेट खणणाऱ्यांपर्यंत नेली. विस्तवाने तापलेली हवा धुराड्यातून वर जाई, ती भुयारातली कोंदट हवा ओढी, आणि तिची जागा भरायला बाहेरची ताजी हवा नळीतून टोकाशी येई. पंखा नाही, भाता नाही. जसजसे भुयार वाढे, तसतशी नळी वाढवायची. तीन-सव्वातीन आठवड्यांत ५११ फुटांचे भुयार झाले, टोकाला दोन्ही अंगांना मिळून पंचाहत्तर फुटांचे फाटे काढले, आणि त्यांत ८,००० पौंड दारू भरली. वर बुरुजातल्या दक्षिणेवाल्यांना शंका आली होती, त्यांनी उलट सुरुंग खणूनही पाहिले, पण हे सापडले नाही. ३० जुलैच्या पहाटे बत्ती दिली. तासभर काहीच नाही. तुकडे जोडून केलेली वात एका सांध्याशी विझली होती. हॅरी रीस नावाचा सार्जंट आणि जेकब डाउटी हा लेफ्टनंट आत गेले, सांधा नव्याने जोडून वात पेटवून बाहेर पळत आले. पावणेपाचच्या सुमारास बुरूज, तोफा आणि पावणेतीनशेच्या आसपास माणसे आकाशात गेली. १७० फूट लांब, तीस फूट खोल खड्डा पडला.

इथवर सगळे अजब चातुर्याचे. पुढचे सांगताना वाटाड्याने आवंढा गिळू नये म्हणून मुद्दाम लिहितो. हल्ल्याच्या आघाडीला कृष्णवर्णीय शिपायांची डिव्हिजन असायची होती. खड्ड्याच्या दोन्ही अंगांनी कसे जायचे याची तालीम त्यांनीच केली होती. आदल्या दिवशी बर्नसाइडचा वरिष्ठ सेनापती मीड याने ते बदलले. बेत फसला तर काळ्या शिपायांना मुद्दाम मरायला पुढे ढकलले असा बोभाटा होईल, ही भीती. मग कोणती डिव्हिजन पुढे? बर्नसाइडने चिठ्ठ्या टाकल्या! चिठ्ठी निघाली लेडली या सेनापतीची, आणि तो लढाईच्या वेळी मागच्या खंदकात दारू पीत बसला. शिड्या आणल्या नव्हत्या. शिपाई खड्ड्याच्या कडेने जाण्याऐवजी खड्ड्यातच उतरले आणि अडकले. उशिराने कृष्णवर्णीय पलटणी धाडल्या, तोवर दक्षिणेच्या मॅहोनची कुमक आली होती. शरण आलेल्या, जखमी काळ्या शिपायांना तिथे ठार मारण्यात आले, आणि हे दक्षिणेच्या शिपायांच्याच पत्रांतून दिसते. उत्तरेचे ३,८०० च्या आसपास लोक मेले, घायाळ झाले किंवा पकडले गेले. ग्रांटने नंतर चौकशीत कबूल केले की कृष्णवर्णीय डिव्हिजन पुढे असती तर बेत साधला असता, असे आपल्याला वाटते.

आपल्याकडे एप्रिल १७००मध्ये साताऱ्याला औरंगजेबाच्या सुरुंगाने बुरूज बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्याला टपलेले मोगलच त्याखाली गाडले गेले. खिंडार पडले की फौज आपोआप आत जाते, हा भ्रम दोन्हीकडे सारखाच महाग पडला.

मुलांना रस वाटेल का, असा प्रश्न मागच्या खेपेस कुणी तरी विचारला होता. त्यांना मुंबईची गोष्ट सांगा. या युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, तो सबंध प्रदेशालाच घातलेला वेढा होता. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले, प्रेमचंद रायचंद सट्ट्याचे राजे झाले. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला त्यांनी दिलेला पैसा त्याच दिवसांतला. एप्रिल १८६५मध्ये पीटर्सबर्गची फळी फुटली, आठवडाभरात ली शरण आला, आणि ती बातमी पोचताच मुंबईचा बाजार कोसळला. बॅक बे कंपनीचे कागद रद्दीच्या मोलाचे झाले. होपवेलच्या भट्टीतला पाव आणि चर्चगेटची जमीन एकाच गोष्टीत येतात, हे दहावीतल्या पोरांनाही आवडेल असे वाटते.

आता व्यवस्थेचे. सहल नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढा. पाने गळलेली असतात, म्हणून झाडीतले मोर्चे, चर, उंचवटे सरळ दिसतात. उन्हाळ्यात नुसते हिरवे रान दिसते आणि गोचिड्या अंगाला चिकटतात त्या वेगळ्याच. सकाळी आधी होपवेल, मग मुख्य रणांगण, शेवटी क्रेटर. भुयाराचे तोंड तिथे दाखवलेले आहे, आणि भुयार जिथून गेले तिथे जमीन खचून झालेली खोलगट ओळ क्रेटरपर्यंत दिसते; तिच्या कडेने चालत जायला लावा. मातीच्या उंचवट्यांवर कुणालाही चढू देऊ नका, फोटोसाठीसुद्धा. मनाई आहे, आणि पावलांनी ती माती खरोखरच झिजते. जेवणासाठी होपवेलला नदीकाठी बाके आहेत, पण शनिवारी लवकर भरतात, तेव्हा डबे बसमध्येच उघडायची तयारी ठेवा. रिचमंड परिसरातून कुणी मराठीत माहिती सांगणारा हवा असेल तर मी येतो, मानधन नको. एकच विनंती, बसमध्ये अंताक्षरी परतीच्या वाटेवर ठेवा. जाताना चाळीस मिनिटे मला बोलायला लागतील.

आपला नम्र,
रिचमंडजवळ राहणारा एक निवृत्त स्थापत्य अभियंता